खोलीला कॉर्निस कशी बसवावी: बेळगाव सीमाभागातील घरांसाठी

भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ आपल्याकडच्या फार थोड्या घरांत सरळ असते. सेंट्रिंगच्या फळ्या थोड्या खाली-वर झालेल्या असतात, गिलाव्याची जाडी एका टोकाला अर्धा इंच तर दुसऱ्या टोकाला पाऊण इंच भरते, आणि स्लॅब उन्हाने तापून रात्री निवू लागला की त्या सांध्यात केसासारखी भेग पडते. ती भेग दर रंगकामाच्या वेळी पुट्टीने बुजवली तरी पुढच्या वैशाखात पुन्हा उघडते. कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत यांच्या कोनात खोलीभर फिरवलेली साधी किंवा नक्षीदार पट्टी, हा सांधा झाकते आणि त्याच वेळी खोलीला वरच्या बाजूने एक रेखीव कड देते. खर्च फार नाही, जागा अडत नाही आणि फर्निचर न बदलता खोली बदललेली दिसते. मात्र तिची सगळी शोभा चार कोपऱ्यांवर आणि कोरड्या भिंतीवर अवलंबून असते, आणि नेमक्या याच दोन बाबींकडे आपल्याकडे घाईत दुर्लक्ष होते.

कॉर्निस शोभते ती नक्षीमुळे, असा समज आहे. माझ्या मते ती शोभते सावलीमुळे. आपल्या दगडी देवळांच्या बांधणीत कपोत नावाचा एक गोलाईचा, पुढे झुकलेला थर असतो, आणि त्याच्याखाली पडणारी सावलीच खालचा थर वेगळा करून दाखवते. खानापूर तालुक्यातील हलशीच्या कदंबकालीन देवळासमोर दुपार कलल्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर दगडाचे आडवे थर सावलीने कसे उठून येतात हे आपोआप लक्षात येते. घरातल्या तीन इंचांच्या पट्टीचे कामही तेच आहे. म्हणून पट्टी निवडताना वेलबुट्टी किती आहे यापेक्षा तिच्यात एखादी खोल खाच आणि एखादी स्वच्छ गोलाई आहे की नाही, हे पाहावे. बारीक वेलबुट्टी दोन-तीन वेळच्या रंगात बुजून जाते. खोल खाच वर्षानुवर्षे सावली धरून ठेवते.

पहिले काम: ओल शोधणे

आमच्या घराच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीला, पहिल्यांदा कॉर्निस लावली ती गणपतीच्या आधी, ऐन आषाढात. पाहुणे यायच्या आत काम उरकायचे, एवढाच विचार मनात होता. पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, कॉर्निस दोन दिवसांत पुरी झाली, चतुर्थीला सगळ्यांनी कौतुक केले, आणि पुढच्या श्रावणात पश्चिमेच्या भिंतीवर हातभर लांबीचा पिवळा डाग उमटला. डागाच्या कडेला बोट लावले तर पीठ हाताला आले. ती कॉर्निस काढून टाकताना खरे कारण दिसले. गच्चीच्या कठड्याच्या मुळाशी भेग होती आणि पावसाचे पाणी तिथून भिंतीत उतरत होते. दोष कारागिराचा नव्हता. आम्हीच ओल पाहिली नव्हती.

म्हणून मापे घेण्याच्या आधी वरचा कोपरा तपासावा. स्टुलावर चढून तळहाताची मागची बाजू भिंतीच्या वरच्या वीतभर भागावर फिरवावी. कोरड्या भिंतीपेक्षा एखादा भाग थंड लागला, रंगाला फुगे आलेले असले किंवा मिठासारखी पांढरी बुरशीवजा पूड बसलेली असली, तर तिथे पाणी आहे असे समजावे. कठड्याची भेग, गच्चीच्या पन्हाळीचे तोंड, वरच्या मजल्यावरील न्हाणीघर आणि भिंतीतून गेलेला पाइप या चार जागा आधी बघाव्यात. दुरुस्ती झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी, आणि शक्य असल्यास एक पाऊस जाऊ द्यावा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला, जिथे पाऊस घाटासारखा कोसळतो, तिथे हा धीर धरायलाच हवा. अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात एवढी काळजी लागत नाही. पण तिथे उन्हाने स्लॅब अधिक ताणतो आणि भेगांचा त्रास जास्त होतो, हे ध्यानात ठेवावे.

काम करण्याचा चांगला काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत हवा कोरडी असते, पीओपी आणि पुट्टी नीट वाळतात, आणि लाकूडही पावसाळ्यातल्यासारखे फुगलेले नसते. नव्या घराचा गिलावा असेल तर पाणी मारण्याचे दिवस संपल्यानंतर तो पांढरट, एकसारख्या रंगाचा दिसेपर्यंत थांबावे.

कोणती वस्तू घ्यावी

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात. पहिला पीओपी. जिप्सम भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की ही भुकटी तयार होते, आणि पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणूनच ती कालवताना हाताला ऊब लागते. पीओपीची कॉर्निस भिंतीशी एकजीव होते, सांधे दिसत नाहीत, आणि वाकड्या भिंतीचा दोष ती सगळ्यांत चांगला पोटात घेते. पण जिप्सम पाण्यात थोडे विरघळते, त्यामुळे सतत ओल असलेल्या भिंतीवर, न्हाणीघरात किंवा पडवीत ती टिकत नाही.

दुसरा प्रकार लाकडी पट्टी, ज्याला सुतार गोलता म्हणतात. सागवानाचा गोलता महाग असला तरी तख्तपोशी, तुळया आणि लाकडी चौकटी असलेल्या जुन्या घरात त्याच्याइतके दुसरे काही शोभत नाही. रंगच द्यायचा असेल तर सागवान कशाला घ्यायचे? साधे वाळलेले लाकूड पुरते. तिसरा प्रकार एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी. ही पट्टी गुळगुळीत असते, रंग छान घेते, पण कापलेल्या टोकातून पाणी शिरले की पावासारखी फुगते, म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला प्रायमर लावल्याशिवाय ती वर चढवू नये.

चौथा प्रकार हलक्या फोमच्या पट्ट्यांचा. त्यांत थर्माकोलची आणि पीयूची (पॉलियुरेथेनची) अशा दोन जाती असून त्यांत मोठा फरक आहे. पीयूची पट्टी टणक असते, कड शाबूत ठेवते, पाण्याला दाद देत नाही, आणि खानापूरच्या बाजूच्या दमट घरांसाठी मी तीच सुचवीन. थर्माकोलची पट्टी स्वस्त आणि अगदी हलकी असते, पण बोटाच्या दाबाने खड्डा पडतो आणि ती सहज पेट घेते. देवघरात समई-निरांजन तेवते, स्वयंपाकघरात चूल किंवा गॅस असतो, त्यामुळे या दोन ठिकाणी थर्माकोल लावूच नये. शिवाय रबरी सोल्यूशन आणि थिनर यांनी थर्माकोल विरघळते, म्हणून त्यासाठी पाण्यावर आधारलेला गोंद आणि पाण्यात कालवायचा रंगच वापरावा.

रुंदी ठरवताना

छत जमिनीपासून साडेनऊ फुटांपर्यंत असेल तर तीन ते चार इंचांची पट्टी पुरते. दहा-साडेदहा फुटांना चार ते पाच इंच योग्य दिसते. छावणी भागातल्या किंवा शहापूरच्या जुन्या वाड्यांतल्या उंच छताच्या खोल्यांत सहा-सात इंचांची कॉर्निसही जड वाटत नाही. खोली लहान, छत ठेंगणे आणि कॉर्निस मोठी असली की डोक्यावर काहीतरी टांगल्यासारखे होते. अशी चूक आपल्याकडे फार होते, कारण दुकानात हातात धरलेली पट्टी लहान भासते आणि वर चढली की मोठी दिसते.

यावर एक सोपा उपाय आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा हव्या त्या रुंदीचा आणि दोन फूट लांबीचा कापावा, कोनात तिरका धरून चिकटपट्टीने एका कोपऱ्यात लावावा, आणि दारातून, खाली बसून, पलंगावर आडवे होऊन, दिवसा आणि दिवा लावल्यावर असा दोन दिवस बघावा. एक इंच कमी-जास्त केल्याने किती फरक पडतो हे तेव्हा कळते.

पट्टीची रुंदी आणि ती भिंतीवर किती उतरते, हे दोन आकडे वेगळे आहेत. पट्टी तिरकी बसते. ४५ अंशांत बसणारी पाच इंची पट्टी भिंतीवर आणि छतावर सुमारे साडेतीन-साडेतीन इंच जागा घेते. भिंतीशी ३८ अंशांचा कोन करणारी पाच इंची पट्टी भिंतीवर जवळजवळ चार इंच उतरते आणि छतावर तीन इंचांहून थोडी अधिक पुढे येते. दाराची वरची चौकट, खिडकीचा पडद्याचा दांडा, केसिंग पट्टीतून गेलेली वायर आणि माळ्याची कड यांच्याशी ती अडखळणार नाही ना, हे याच मापाने तपासावे. वायर कॉर्निसच्या मागच्या पोकळीत घालायचा मोह होतो. जोड किंवा टेप लावलेली तार तिथे कधीही कोंडू नये, आणि अखंड तार घालायची असल्यास ती पाइपातून घालून तिची जागा कागदावर काढून ठेवावी.

किती पट्टी लागेल हा हिशोब सोपा आहे. बारा बाय चौदा फुटांच्या खोलीचा घेर ५२ फूट होतो. त्यात काप आणि चुकांसाठी दहा टक्के धरले की ५७ फुटांच्या वर जाते, म्हणजे आठ फुटांच्या आठ पट्ट्या घ्याव्या लागतात. एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घ्याव्यात, कारण दुसऱ्या खेपेच्या पट्टीची गोलाई किंचित वेगळी निघाली तर जोड लपत नाही.

रेघ मारणे

पाणी भरलेली पारदर्शक नळी हे या कामातले सगळ्यांत विश्वासू साधन आहे. एका भिंतीच्या मध्यावर छातीच्या उंचीला एक खूण करावी, नळीच्या साहाय्याने तीच पातळी चारही कोपऱ्यांत न्यावी आणि तिथून वर छतापर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजून लिहावे. चार आकडे जवळपास सारखे आले तर भाग्य समजावे. पाव इंचापर्यंतचा फरक असेल तर पाणसळीत, म्हणजे पाण्याच्या पातळीत, रेघ मारावी आणि छताकडची फट पुट्टीने भरावी. फरक पाऊण-एक इंच असेल तर मात्र हट्टाने पाणसळ धरू नये, कारण छत आणि कॉर्निस यांच्यामधली पाचरीसारखी फट डोळ्याला लगेच टोचते. अशा वेळी फरक अर्धा-अर्धा वाटून घ्यावा, म्हणजे कॉर्निस थोडी छताच्या कलाने आणि थोडी पाणसळीच्या कलाने जाते आणि कोणालाच शंका येत नाही.

खूण झाली की कॉर्निसची खालची कड जिथे येणार तिथे रंगाची भुकटी लावलेली लाइनदोरी ताणून धरावी आणि एकदा फटकारावी. गडद भुकटी वापरू नये, ती रंगातून वर येते. खडूची पांढरी किंवा फिकट निळी भुकटी बरी.

आमच्या सोप्याचे दुसऱ्यांदा काम माघात केले, तेव्हा मिस्त्रींनी दोरी मारली, लाकडाचा लांब सरळ पाटा भिंतीला लावला, आणि मला हाक मारून मध्यभागी बोट घालायला सांगितले. "बघा अण्णा, हितं एक बोट मावतंय." माझे बोट खरोखर आत गेले. चौदा फुटांची ती भिंत मधोमध जवळजवळ अर्धा इंच आत होती आणि वीस वर्षे त्या भिंतीला टेकून बसूनही मला ते कळले नव्हते. मिस्त्रींनी तिथे पुट्टीचे दोन पातळ हात दिले, रात्रभर वाळू दिले, सकाळी पुन्हा पाटा लावला आणि मगच करवत हातात घेतली. भिंत इतकी खोल असताना पट्टी स्क्रूने आवळून वाकवली तर ती आज बसते, पण ताण राहिल्यामुळे पुढे सांधा उघडतो.

कोपरे मोजणे आणि कापणे

कोपरा काटकोनात आहे हे गृहीत धरू नये. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा ९० अंशांचा आहे. अंतर अधिक आले तर कोपरा उघडा, कमी आले तर आवळलेला. हे मोजमाप छताजवळच करावे, जमिनीजवळ नव्हे, कारण भिंत ओळंब्यात नसेल तर दोन्हीकडचे कोन वेगळे येतात.

याहून चांगली पद्धत म्हणजे एकेक फुटाचे दोन नमुने कापून ठेवणे, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा, दोन्ही ४५ अंशांत. ते प्रत्येक आतल्या कोपऱ्यात धरून बघावेत. जोडाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे, फट दिसली तर कोपरा ९० पेक्षा मोठा आहे. मागे भिंतीजवळ फट दिसली तर तो ९० पेक्षा लहान आहे. कोपरा ९२ अंशांचा असेल तर करवत ४४ अंशांवर धरावी लागते आणि ८८ अंशांचा असेल तर ४६ अंशांवर. ४५ अंशांचीच खाच असलेली लाकडी पेटी हाताशी असेल तर ४५ मध्ये कापून घ्यावे आणि उरलेला अंशभर भाग कानशीने किंवा जाड सँडपेपरने घासून काढावा.

कापताना सगळ्यांचा गोंधळ होतो तो पट्टी कशी धरायची यात. पट्टी उलटी धरायची असते. पेटीचा तळ म्हणजे छत आणि पेटीची मागची बाजू म्हणजे भिंत असे मानावे. छताला टेकणारी कड पेटीच्या तळावर आणि भिंतीला टेकणारी कड मागच्या बाजूला टेकवून, पट्टी जशी वर बसणार तशीच तिरकी ठेवून करवत चालवावी. कडा ओळखता याव्यात म्हणून आदल्या दिवशीच प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने "छत" आणि "भिंत" असे लिहून ठेवावे. हे क्षुल्लक वाटते, पण चुकीची कापलेली आठ फुटी पट्टी हातात आल्यावर त्याचे मोल कळते. कापल्यावर पडताळण्यासाठी एक खूण लक्षात ठेवावी: आतल्या कोपऱ्यात भिंतीकडची कड लांब आणि छताकडची आखूड निघते, तर खांबाच्या किंवा पुढे आलेल्या भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छताकडची कड लांब निघते.

फिरत्या पात्याच्या यंत्रावर पट्टी आडवी ठेवून कापायची असेल तर दोन कोन एकाच वेळी लावावे लागतात. ४५ अंशांत बसणाऱ्या पट्टीसाठी पाते ३५.२६ अंश वळवून ३० अंश कलते करावे. भिंतीशी ३८ अंशांत बसणाऱ्या पट्टीसाठी हेच आकडे अनुक्रमे ३१.६२ आणि ३३.८६ होतात. हे आकडे काटकोनाच्या कोपऱ्यासाठी आहेत. काम थोडेच असेल तर मला हाताची करवत आणि पेटी हीच जोडी बरी वाटते, कारण तीत चूक झाली तरी हळू होते आणि वेळीच थांबता येते.

लाकडाच्या आणि एमडीएफच्या पट्टीला आतल्या कोपऱ्यात आणखी पक्का जोड देता येतो. पहिली पट्टी सरळ कापून कोपऱ्यापर्यंत भिंतीला भिडवावी. दुसरी पट्टी आधी ४५ अंशांत कापावी, म्हणजे तिच्या दर्शनी बाजूच्या कडेवर पट्टीच्या आकाराची एक वळणदार रेघ उघडी पडते. मग धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याच्या करवतीने ती रेघ धरून, पात्याला किंचित आतल्या बाजूस कलवून, मागचा भाग काढून टाकावा. ही दुसरी पट्टी पहिलीच्या अंगावर अचूक बसते, आणि पुढे लाकूड आकसले तरी फट दिसत नाही. थर्माकोलला किंवा पीओपीला हे लागू नाही, त्यांचे कोपरे ४५ अंशांतच मिळवावेत.

लांब भिंतीवर दोन पट्ट्या जोडाव्या लागल्या तर सरळ तोंडाला तोंड लावू नये. दोन्ही टोके ४५ अंशांत तिरकी कापून एकावर एक येतील अशी बसवावीत. तिरक्या कापाचे तोंड दारातून पाहणाऱ्याच्या नजरेपासून दूर असावे, म्हणजे सांधा उघडला तरी तो सहज दिसत नाही. असा जोड शक्यतो खोलीत शिरताना पाठीमागे राहणाऱ्या भिंतीवर घ्यावा.

वर चढवणे

एकट्याने हे काम करू नये. आठ फुटांची पट्टी धरायला दोन माणसे लागतात, आणि एकटेच असाल तर भिंतीत रेघेखाली तात्पुरते दोन खिळे ठोकून पट्टी त्यांवर टेकवावी. सुरुवात दारासमोरच्या भिंतीपासून करावी, कारण शेवटचा जोड कधीच पहिल्याइतका अचूक होत नाही आणि तो दाराच्या बाजूच्या भिंतीवर आलेला बरा.

लाकडी आणि एमडीएफची पट्टी भिंतीला आवळावी, छताला शक्यतो नाही. स्लॅब तापून हलतो, भिंत तितकी हलत नाही, आणि दोघांनाही घट्ट बांधले की पट्टी किंवा रंग मधून तडकतो. दर दीड फुटावर ६ मिलिमीटरचे भोक पाडून स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी घालावी आणि स्क्रू डोके बुडेपर्यंत आवळावा. लोखंडी साधा खिळा वापरू नये, ओल मिळाली की त्याचा गंज रंगातून तपकिरी ठिपका होऊन वर येतो. जस्ताचा मुलामा असलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्यावा. भोक पाडण्याआधी आत वायर किंवा नळ नाही ना, याची खात्री करावी, आणि स्विच बोर्डाच्या सरळ वरच्या रेषेत तर ड्रिल मशीन लावूच नये.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत अडचण वेगळी असते. चिरा सच्छिद्र असतो, ड्रिल एकदम आत जाते, आणि जुन्या घरात चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यात गिट्टी पकडत नाही. अशा ठिकाणी सांधा छिन्नीने दीड-दोन इंच खोल उकरावा, वाळलेल्या सागवानाची पाचरीसारखी निमुळती गुट्टी सिमेंटच्या मसाल्यात ठोकून बसवावी, ती दोन दिवस घट्ट होऊ द्यावी आणि मग तिच्यात स्क्रू घालावा. कौलारू घरात भिंतीवर स्लॅब नसतो. तिथे तख्तपोशी किंवा फळ्यांचे छत असेल तर त्याच्या कडेला गोलता मारावा. वासे उघडेच असतील तर कॉर्निसचा आग्रह सोडावा. उघड्या वाशांना आणि आढ्याला स्वतःचे रूप असते, त्याखाली पट्टी फिरवली की ते तुटल्यासारखे दिसते.

पीयूची आणि थर्माकोलची पट्टी गोंदावर बसते. दोन्ही कडांना गोंदाची बारीक सलग रेघ द्यावी, पट्टी दाबून थोडी हलवावी म्हणजे गोंद पसरतो, आणि कडेतून बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा. पीयूच्या रुंद पट्टीला गोंद घट्ट होईपर्यंत काही स्क्रूंचा आधार द्यावा. डिस्टेंपर किंवा पावडर उडणाऱ्या चुन्याच्या भिंतीवर गोंद टिकत नाही, म्हणून पट्टीच्या जागेपुरता जुना रंग खरवडून प्रायमरचा हात द्यावा.

पीओपी जागेवर ओढायची असेल तर

पीओपीची तयार पट्टीही मिळते, पण जागेवर ओढलेल्या कॉर्निसची गोष्ट निराळी आहे. हे कारागिराचे काम आहे, तरी त्याची रीत घरमालकाला माहीत असावी. आधी भिंत आणि छत यांवर छिन्नीने बारीक खाचा पाडून पकड तयार करतात आणि जागा ओली करतात. कोरड्या गिलाव्याने पाणी शोषून घेतले की पीओपी सुटते. हवा तो आकार पत्र्यात कापून तो लाकडी चौकटीत बसवतात. असा साचा बेळगावात उद्यमबागेतल्या कोणत्याही कारखानदाराकडून मनासारखा कापून घेता येतो, आणि पत्र्याची धार कानशीने गुळगुळीत केलेली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. मग भिंतीवर रेघेखाली एक सरळ लाकडी पट्टी तात्पुरती ठोकून तिच्या आधाराने साचा ओढतात.

पीओपी कालवताना भुकटीत पाणी ओतू नये, पाण्यात भुकटी भुरभुरावी. साधारण दहा किलो भुकटीला सहा-सात लिटर पाणी लागते. थोडेथोडेच कालवावे, कारण काही मिनिटांत ते घट्ट व्हायला लागते. एकदा घट्ट व्हायला लागलेल्या गोळ्यात पाणी घालून तो पुन्हा पातळ करणारा कारागीर दिसला तर तिथेच थांबवावे. तसे केल्याने जोर निघून जातो आणि ती कॉर्निस वर्षभरात कोसळू लागते. पहिला थर जाडसर, काथ्याचे धागे घालून, आणि शेवटचा थर सायीसारखा पातळ असा देतात. साचा प्रत्येक वेळी एकाच दिशेने, न थांबता, एका दमात ओढावा लागतो. कोपऱ्यात साचा पोहोचत नाही. तिथली नक्षी लहान पट्टीने आणि चाकूने हाताने जुळवावी लागते, आणि कारागिराची खरी परीक्षा तिथेच होते. काम देण्याआधी त्याने केलेल्या दुसऱ्या घराचे कोपरेच बघायला जावे.

भेगा, रंग आणि उजेड

स्क्रूच्या खाचा आणि सांधे पुट्टीने भरून, वाळल्यावर २२० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने घासावेत. वरची कड, म्हणजे कॉर्निस आणि छत यांच्यातली फट, मात्र पुट्टीने भरू नये. तिथे रंग चढणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट भरून ओल्या बोटाने गुळगुळीत करावा. तो थोडा ताणतो, म्हणून स्लॅब हलला तरी भेग पडत नाही. सिलिकॉन सीलंटवर साधा रंग धरत नाही, त्यामुळे डबा घेताना नाव नीट वाचावे.

प्रायमरचा एक हात पट्टी खाली असतानाच द्यावा आणि शेवटचे दोन हात वर चढल्यावर. पीओपीला रंग देण्याची घाई करू नये. हाताला गारवा लागतो आहे तोवर आत पाणी आहे.

रंग निवडताना छताची उंची लक्षात घ्यावी. ठेंगण्या खोलीत कॉर्निस छताच्याच पांढऱ्या रंगात ठेवली की छत भिंतीवर थोडे उतरल्यासारखे, मोठे दिसते. उंच खोलीत ती भिंतीपेक्षा एक छटा फिकट ठेवली तर खोली अधिक आटोपशीर वाटते. सोनेरी रंगाचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. लग्नाच्या हॉलमध्ये तो खुलतो, घरात तो वर्षभरात काळवंडतो आणि धूळ दाखवतो.

कमी खर्चात मोठी कॉर्निस दिसावी अशी इच्छा असेल, तर कॉर्निसच्या खाली पाच-सहा इंचांवर एक बारीक सपाट पट्टी फिरवून मधल्या भागालाही कॉर्निसचाच रंग द्यावा. लांबून तो सगळा एकच रुंद पट्टा वाटतो. लपवलेल्या दिव्यांची इच्छा असेल, तर कॉर्निस छतापासून तीन-चार इंच खाली घेऊन वरच्या कडेमागे एलईडी पट्टी ठेवावी आणि तिचा ट्रान्सफॉर्मर हात पोहोचेल अशा जागी बाहेरच ठेवावा. अशा दिव्यात छताचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो, म्हणून त्याआधी छताची पुट्टी मन लावून करावी लागते.

पहिला पावसाळा गेल्यावर एकदा शिडी लावावी. पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करून सगळे सांधे बघावेत, उघडलेल्या केसाएवढ्या भेगांत पुन्हा सीलंट भरावा, वरच्या कडेवर बसलेली धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि त्याच फेरीत गच्चीच्या कठड्याचे मूळही तपासून घ्यावे.